हँडल तुमच्या हातात!

सायकल घेताना आपण गिअर मोजतो, रंग निवडतो, फ्रेम उचलून वजनाचा अंदाज घेतो. हँडल आणि ब्रेकची लिव्हर मात्र ‘सायकलबरोबर जी येईल ती’! खरं तर ऐन मोक्याच्या क्षणी तुमचा जीव याच दोन गोष्टींवर असतो.

सकाळी साडेसहाला मरीन ड्राइव्हवर, येऊरच्या रस्त्यावर किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी एक चक्कर मारून या. सायकलींचं छोटंसं प्रदर्शनच भरलेलं दिसेल. सरळ दांड्याच्या हँडलवाली हायब्रिड, रुंद हँडलची माउंटन बाइक, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल मिरवणारी रोड बाइक. आणि या सगळ्यांना शांतपणे मागे टाकत जाणारे, काळ्या रोडस्टरवरचे दूधवाले काका. त्यांच्या सायकलचं हँडल मागे, थेट पोटाकडे वळलेलं असतं आणि ब्रेकला वायरऐवजी सळया.

ही चार हँडलं म्हणजे चार फॅशन नव्हेत, ती चार वेगवेगळ्या कामांची उत्तरं आहेत. प्रॉब्लेम होतो तो आपण काम न बघता उत्तर विकत घेतो तेव्हा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रोज आठ किलोमीटर जाणारा मुलगा ‘प्रो’ दिसण्यासाठी ड्रॉप हँडल घेतो. दर महिन्याला दोनशे किलोमीटरची राइड मारणारी मुलगी दुकानदाराने सांगितलं म्हणून सरळ हँडलवर हात बधिर करून घेते. दोघांच्या सायकली उत्तम, पण दोघांचीही निवड चुकलेली.

तेव्हा मंडळी, आधी फंडा क्लिअर करू या.

एक साधा प्रश्न

सायकलला तुमचं शरीर तीन ठिकाणी टेकतं: सीट, पेडल आणि हँडल. यातलं हँडल तीन कामं करतं. ते सायकल वळवतं, तुमचं थोडं वजन उचलतं आणि ब्रेक तुमच्या बोटांखाली ठेवतं. पहिली दोन कामं सगळ्यांना माहीत असतात. तिसऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

म्हणून हँडल निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. ‘राइडमधला जास्तीत जास्त वेळ माझे हात जिथे असणार आहेत, तिथून ब्रेक किती लांब आहे?’

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे थोड्या गणितातून बघू. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात जवळजवळ ७ मीटर पुढे जाते. हात हँडलवर दुसरीकडेच असेल आणि लिव्हरपर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला, तर ब्रेक दाबायच्या आधीच साडेतीन मीटर गेले. तेवढ्यात समोरच्या पार्क केलेल्या कारचा दरवाजा उघडला तर? म्हणून हँडल आणि लिव्हर ही दोन वेगळी खरेदी नाही. तो एकच निर्णय आहे.

कुणासाठी कुठलं?

सरळ हँडल: इंग्रजीत फ्लॅट बार. हायब्रिड आणि शहरी सायकलींवर हेच असतं. ट्रॅफिकसाठी याला तोड नाही. हात कायम लिव्हरपाशी, मान वर, नजर समोर. तोटा म्हणजे हात ठेवायला जागा एकच. तासाभरापर्यंत मस्त, तीन तासांनी मनगटं कुरकुरायला लागतात. याचाच थोडा वर उचललेला भाऊ म्हणजे रायझर बार. पाठ वाकवायचा कंटाळा असेल तर तो बघा.

ड्रॉप हँडल: यावर हात ठेवायच्या मुख्य जागा तीन. वरच्या आडव्या भागावर, लिव्हरच्या रबरी डोक्यांवर म्हणजे हुड्सवर, आणि खालच्या वळणावर. लांबच्या राइडला दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलता येते, हीच याची खरी गंमत. वाऱ्याचा विरोध कमी होतो हा बोनस. ऑडॅक्सच्या बीआरएम राइड्समध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. इतका वेळ सीटवर काढायचा तर हातांना ‘जागापालट’ हवाच. पण एक लक्षात ठेवा, हात वरच्या आडव्या भागावर असतील तेव्हा नेहमीचा ब्रेक हाताशी नसतो. गर्दीत हात हुड्सवरच हवेत.

मागे वळलेलं हँडल: आजोबांच्या हीरो-ॲटलसवरचं. मनगट नैसर्गिक कोनात राहतं, पाठ ताठ राहते. फॉर्मल शर्ट घालून ऑफिसला जायचंय, अंतर चार-पाच किलोमीटर आहे आणि घाई नाही? मग हे ‘ओल्ड फॅशन्ड’ हँडल तुम्हाला सगळ्यात जास्त मानवेल. घाटात किंवा समोरून वारा असताना मात्र हे हँडल दमवतं.

बटरफ्लाय हँडल: आठच्या आकड्यासारखं दिसणारं, लांबच्या टुरिंगवाल्यांचं लाडकं. दिसायला विचित्र, पण हात ठेवायला भरपूर जागा. शिवाय सरळ हँडलच्याच ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर यावर सहसा बसतात. हायब्रिडवर लांब जाणाऱ्यांसाठी हा स्वस्तातला जुगाड आहे.

ट्रायथलॉनवाल्यांचे एअरोबार, म्हणजे कोपरं टेकवून पुढे झोपायचे ते दोन दांडे, मोकळ्या रस्त्यासाठी ठीक आहेत. तिथे हात असताना नेहमीचे ब्रेक खूपच दूर राहतात. सिग्नल, रिक्षा आणि अचानक आडवी येणारी भटकी कुत्री असलेल्या रस्त्यावर त्यांचं काहीच काम नाही.

खांदे मोजा, मग हँडल

शर्ट घेताना आपण खांद्याचं माप बघतो. ड्रॉप हँडलचंही तसंच आहे. दोन्ही खांद्यांच्या वरच्या टोकाशी जे हाड हाताला लागतं, त्या हाडांमधलं अंतर मोजा. हँडलची रुंदी साधारण तेवढी असावी. बाजारात ३८ ते ४६ सेंटिमीटरपर्यंतची मापं सर्रास मिळतात. मात्र काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, तर काही बाहेरून बाहेरपर्यंत. दोन्हींत दोनेक सेंटिमीटरचा फरक पडतो. दुकानात हे विचाराच.

शर्यतींच्या जगात मध्यंतरी हँडलं अरुंद करण्याची लाटच आली होती, कारण अंग आखडलं की वारा कमी लागतो. शेवटी यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बाहेरून बाहेर किमान ४०० मिलिमीटरची मर्यादा घातली. त्या लाटेशी आपल्याला देणंघेणं नाही. खड्डा चुकवताना सायकल ताब्यात राहणं जास्त महत्त्वाचं.

सरळ हँडलची गोष्ट उलटी. माउंटन बाइकची हँडलं हल्ली ७०० ते ८०० मिलिमीटर रुंद असतात. डोंगरात भारी, पण बस आणि रिक्षाच्या फटीत आरसे घासत जायला वाईट. एक सोपी टेस्ट करा. जमिनीवर पुशअपच्या पोझिशनमध्ये या. हात आपोआप जितक्या अंतरावर पडतात, तितकी रुंदी तुमच्यासाठी योग्य. ॲल्युमिनियमचं सरळ हँडल जास्त रुंद असेल तर दोन्ही टोकांनी थोडं थोडं कापून घेता येतं. आधी मुठी, लिव्हर आणि शिफ्टर आत सरकवून महिनाभर चालवून बघा. कापलेलं हँडल परत वाढत नाही!

करंगळीला मुंग्या?

दिवसभर माउस आणि कीबोर्ड, आणि वीकेंडला चार तास सायकल. तळहाताला एवढी शिक्षा दुसरं कुणी देत नसेल. राइडनंतर करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाणारी अल्नर नर्व्ह दाबली जातेय. हा त्रास सायकलवाल्यांमध्ये इतका कॉमन आहे की वैद्यकीय भाषेत त्याला ‘सायकलिस्ट्स पाल्सी’ असं नावच पडलंय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटाच्या मधून जाणारी मीडियन नर्व्ह. कार्पल टनेलवाली, तीच ती.

अशा वेळी लगेच नवं हँडल घ्यायला धावू नका. आधी सीट बघा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट समतल करा. मग हँडल थोडं उंच घेता येतं का किंवा स्टेम आखूड करता येतो का ते पाहा. सरळ हँडल असेल तर तळहाताला आधार देणाऱ्या पसरट मुठी आणि टोकांना लावायचे बार-एंड हा कमी खर्चातला उपाय आहे. कोपरं किंचित वाकलेली ठेवा. रस्त्याचे दणके त्यांना पचवू द्या, मनगटांना नाही.

आणि मुंग्या राइड संपल्यावरही जात नसतील, पेन धरताना बोटांत जोर वाटत नसेल, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरकडे जा. सोमवारी याच बोटांनी काम करायचंय.

लिव्हर आणि ब्रेकची पत्रिका जुळते का?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लिव्हर दाबली की ती वायर ओढते. किती ओढते, हे प्रत्येक लिव्हरचं वेगळं असतं. ढोबळमानाने दोन गट करा. रोड बाइकचे कॅलिपर ब्रेक, जुन्या पद्धतीचे कँटिलिव्हर आणि रोड बाइकचे वायरवाले डिस्क यांना कमी ओढ लागते. व्ही-ब्रेक आणि माउंटन बाइकचे वायरवाले डिस्क यांना जास्त. व्ही-ब्रेक शिमानोने १९९६ च्या सुमारास आणले. त्यांचे हात लांब असतात, म्हणून त्यांना जास्त वायर ओढावी लागते.

आता पत्रिका जुळली नाही तर काय होतं? कमी ओढीची लिव्हर व्ही-ब्रेकला जोडली, तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही रबर रिमला नीट आवळत नाही. हे सरळसरळ धोकादायक. उलट, जास्त ओढीची लिव्हर कॅलिपरला जोडली तर लिव्हर दगडासारखी कडक लागते. दुकानात ‘काय टाइट ब्रेक आहे’ म्हणून खूश व्हाल, पण प्रत्यक्षात त्याच ताकदीत ब्रेक कमी लागतो. घट्ट लागणारा ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, हा मोठा गैरसमज आहे.

दुसरी गोष्ट नळीच्या जाडीची. सरळ हँडलची मूठ धरायची जागा २२.२ मिलिमीटर जाड, ड्रॉपची २३.८. म्हणून सरळ हँडलची लिव्हर ड्रॉपवर बसत नाही, आणि उलटही नाही. हँडल मधोमध जिथे स्टेममध्ये बसतं तिथलं माप आणखी वेगळं. जुन्या सायकलींत २५.४ किंवा २६, नव्या बहुतेक सायकलींत ३१.८, आणि काही माउंटन बाइक्सवर ३५ मिलिमीटर. २५.४ आणि २६ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ‘बसतंय की’ म्हणून चुकीच्या मापाचं हँडल आवळलं, तर ते भर रस्त्यात फिरू शकतं.

तिसरी गोष्ट वायरची. सरळ हँडलच्या वायरचं डोकं छोट्या ढोलकीसारखं असतं, तर रोड लिव्हरच्या वायरचं थेंबासारखं. आणि गिअरच्या वायरचं बाहेरचं कव्हर ब्रेकला चुकूनही लावायचं नाही. त्याच्या आतल्या तारा उभ्या असतात, ब्रेकचा जोर आला की ते फुटू शकतं. ब्रेकच्या कव्हरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते.

हायड्रॉलिक डिस्क असेल तर वायरचा प्रश्न मिटतो, पण तेलाचा येतो. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं खराब होतात. लिव्हर आणि खालचा कॅलिपर एकाच जोडीतले घ्या.

उजवा की डावा?

आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत तो डाव्या हाताला असतो. दादाने न्यू जर्सीहून आणलेली सायकल किंवा सेकंडहँड इम्पोर्टेड बाइक घेतलीत, तर सगळ्यात आधी हे तपासा आणि हवं तर मेकॅनिककडून अदलाबदल करून घ्या. घाबरलेला मेंदू विचार करत नाही, सवयीचा हात दाबतो.

‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो’ ही शाळेतली भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे. खरं म्हणजे ब्रेक लावल्यावर वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. सुक्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर ताशी २५ किलोमीटरवरून सुमारे ५ मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागचा वापरला तर अंतर जवळजवळ दुप्पट, म्हणजे १० मीटरच्या आसपास. मधले पाच मीटर कुणाचे, ते समोरची बस ठरवते!

युक्ती अशी. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता वाढत्या दाबाने लावा आणि त्याच वेळी अंग सीटवर मागे घ्या. रविवारी सकाळी सोसायटीच्या मोकळ्या रस्त्यावर दहा-बारा वेळा करून बघा. वळणावर किंवा वाळू-खडीवर मात्र पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. वेग वळणाआधीच कमी करा.

दहा मिनिटांचं सेटिंग

लिव्हर चांगली आहे, पण लावलीय चुकीच्या कोनात. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. त्यासाठी लागते फक्त एक ॲलन की.

सीटवर नेहमीसारखे बसा, बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत सरळ रेषा यायला हवी. मनगट वर मुडपत असेल तर लिव्हर खाली फिरवा, खाली वाकत असेल तर वर. सरळ हँडलवर लिव्हर थोडी आत सरकवा, म्हणजे तर्जनी किंवा मधलं बोट लिव्हरच्या टोकाशी पडेल. टोकाशी दाबलं की कमी जोर लागतो. दारही आपण बिजागरीपाशी ढकलत नाही, तसंच.

हात लहान असतील तर लिव्हरवरचा छोटा स्क्रू शोधा. बऱ्याच लिव्हरवर तो असतो आणि त्याने लिव्हर मुठीच्या जवळ आणता येते. कितीतरी मुली वर्षानुवर्षं बोटं ताणून ब्रेक लावत राहतात, कारण हा स्क्रू त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दुकानातून हे करून घेतल्याशिवाय निघू नका. मात्र लिव्हर जवळ आणल्यावर ती पूर्ण दाबून हँडलला टेकत नाही ना, ते बघा.

ड्रॉप हँडलवर हुड्सवरून दाबताना बोटं बिजागरीच्या जवळ पडतात, म्हणून जास्त जोर लागतो. खालच्या वळणावरून तोच ब्रेक जास्त ताकदीने लागतो. खंडाळ्याचा किंवा कात्रजचा घाट उतरताना हात खाली न्या. आणि वरच्या आडव्या भागावर हात ठेवायची सवय सुटतच नसेल, तर तिथे बसवायच्या जादा ‘इंटरप्टर’ लिव्हर मिळतात. वायरच्या ब्रेकवर त्या चांगलं काम करतात.

हायब्रिडची रोड बाइक होते का?

हा प्रश्न प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये महिन्यातून एकदा येतोच. उत्तर: होते, पण परवडत नाही. सरळ हँडलच्या सायकलची फ्रेम सहसा लांब असते. तिच्यावर ड्रॉप हँडल लावलं की हुड्स आणखी पुढे जातात आणि तुम्ही ताणले जाता. शिवाय लिव्हर बदला, शिफ्टर बदला, व्ही-ब्रेक असेल तर त्याला चालणाऱ्या खास रोड लिव्हर शोधा. शिमानोने १९९० मध्ये रोड बाइकसाठी ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, ती सोय सुंदर आहे. पण अशी लिव्हर माउंटन बाइकच्या गिअरशी जुळेलच असं नाही. बिल इतकं होतं की सेकंडहँड रोड बाइकची निम्मी किंमत त्यातच जाते. त्यापेक्षा आहे त्या हँडलला बार-एंड लावा, वर्षभर चालवा. लांबच्या राइडची चटक लागलीच, तर दुसरी सायकल घ्या.

पावसाळ्याआधी

रिम ओली असली की रबरी ब्रेक उशिरा लागतो. पहिला सेकंदभर नुसतं पाणी पुसलं जातं. म्हणून पावसात समोरच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि थांबायच्या थोडं आधी ब्रेक हलका दाबून रिम कोरडी करा. मे महिन्यातच वायर स्टेनलेस स्टीलची टाकून घ्या, रबरांतले खडे आणि धातूचे कण काढा. लिव्हर सोडल्यावर ती झटकन परत येत नसेल, तर वायर गंजायला लागलीय हे समजा.

दुकानात जाताना लक्षात ठेवा

• ज्या कपड्यांत आणि ज्या बॅगेसह रोज चालवणार, त्याच अवतारात टेस्ट राइड घ्या.
• हात नेहमीच्या जागी ठेवून डोळे समोर, आणि ब्रेक दाबा. बोटांना लिव्हर शोधावी लागली तर सेटिंग चुकलंय.
• लिव्हर जोरात दाबल्यावर हँडल आणि लिव्हरमध्ये बोटभर तरी फट राहिली पाहिजे.
• लिव्हर किंवा ब्रेक बदलताना ‘हे दोन्ही एकमेकांना चालतात का?’ हे स्पष्ट विचारा.
• हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहेत ना? उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते.
• स्टेमचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या आकड्याइतकेच आवळायला सांगा. कार्बनच्या हँडलला तर हे मस्टच.

सायकलचा रंग तुम्हाला दिसतो तो पार्किंगमध्ये. राइडभर तुमच्या हातात असतं ते हँडल, आणि बोटाखाली असते ती लिव्हर. येत्या रविवारी नवी सायकल बघायला निघण्याआधी घरातल्या जुन्या सायकलवर बसा, डोळे समोर ठेवून ब्रेक दाबून बघा. कदाचित खरेदीची गरजच नसेल, एका ॲलन कीमध्ये काम होऊन जाईल. वाचलेल्या पैशांत एक चांगलं हेल्मेट घ्या!